कृपया हळू बोला

भोंगाबाईचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथंच राहिलं. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, कँटीनवाला, सगळे तिला भोंगाच म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या हे तिचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय, कुठली सुटतेय, कुठली वाटेत रुसून बसलीय. तरणीताठी असताना ती त्या खिडकीमागे माइकसमोर जी बसली, ती पेन्शन लागेपर्यंत उठली नाही. मध्ये एकदा माइक बंद पडला. तो बंद आहे हे स्थानकप्रमुखाला कित्येक महिन्यांनी कळलं, तेही दुरुस्तीवाला पंखा बघायला आला होता म्हणून.

वेगही तसाच. सुटणारी गाडी कुणासाठी थांबत नाही, मग वाक्य तरी कशाला थांबवायचं, असा तिचा हिशेब. अख्खा मार्ग, सगळे थांबे, वर सुट्टे पैसे तयार ठेवा ही सूचना, सगळं एका दमात. इथल्या माणसांना सवय होती. ती तेवढ्यात आपल्या कामाचा शब्द पकडून धावत सुटायची. आता तिच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज आहे. कुणीतरी मुलगी अगदी लाडात येऊन 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणते, आणि कुणी लक्ष देत नाही. ही गोष्ट भोंगाबाई भेटेल त्याला सांगते, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या लपत नाही.

जन्मभर तिला एकच शब्द ऐकावा लागला. हळू. शाळेत बाई म्हणाल्या, लग्नात सासू म्हणाली, बाळंतपणात नर्स म्हणाली, आणि त्या वेळी तरी नर्सनं गप्प बसायला हवं होतं. नवरा तर रोजच. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. दिवसभर शब्द हातात असायचे म्हणून की काय, तोंडात फारसे यायचे नाहीत. ही पहिल्या पाळीला निघाली की तिसऱ्या मजल्यावरून धडाधड जिना उतरायची, आणि तो वरून कठड्याला रेलून म्हणायचा, "हळू गं." ही खालून म्हणायची, "ओरडत नाहीये मी." त्याचं बोलणं शेजाऱ्यांना ऐकू जायचं नाही, हिचं तेवढं जायचं. त्यामुळे ही बाई रोज सकाळी जिन्याशी भांडते असा इमारतीत बरीच वर्षं समज होता. नवरा गेला त्याला आता खूप दिवस झाले. जिना आहे तसाच आहे, आणि 'हळू' म्हणायचं खातं सुनेकडे आलंय.

सून वाईट नाही हो. सून म्हटलं की लगेच कान टवकारायचं कारण नाही. बिचारी घरी बसून नोकरी करते. फ्रिज बिघडलेली माणसं रागानं फोन करतात आणि ही कानाला यंत्र लावून त्यांची समजूत घालते. एकदा ती अशीच एका गृहस्थाला "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं मधाळपणे सांगत होती, आणि स्वयंपाकघरातून भोंगाबाई मांजराला म्हणाली, "मेल्या, तोंड काळं कर इथून." गृहस्थानं वरपर्यंत तक्रार केली. त्या दिवशी संध्याकाळी सून हात जोडून म्हणाली, "आई, तुम्ही दिवसा कुठंतरी बसायला जात जा ना. निदान मी फोनवर असते तेवढा वेळ." भोंगाबाईला राग आला, वाईटही वाटलं, पण सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा पिशवीत टाकला आणि ग्रंथालय गाठलं.

ग्रंथालय म्हणजे महापालिकेची जुनी दुमजली इमारत. एका बाजूला पंक्चरचं दुकान, दुसऱ्या बाजूला बँक. पंखे चालू, पाणी गार, संडास स्वच्छ. शहरात हे सगळं फुकट आणि एका छपराखाली मिळायची ती एकच जागा. तिथं होणारी गर्दी पुस्तकांमुळे होते असं महापालिकेला वाटतं, आणि वाटू द्यावं.

तिथल्या ग्रंथपालबाई मऊ चपला घालून चालायच्या आणि त्याहून मऊ बोलायच्या. इतक्या मऊ, की लोक पुन्हा विचारायला लाजून चुकीचं पुस्तक घरी न्यायचे. त्यांना वरून आदेश आला होता की ग्रंथालय लोकाभिमुख करा. म्हणजे नेमकं काय, ते आदेश काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं. बाईंनी आपल्या परीनं जमेल ते सुरू केलं. रक्तदाब तपासून मिळू लागला, लहान मुलांना गोष्टी सांगायचा तास सुरू झाला, विणकाम करणाऱ्या बायका कोपरा धरून बसू लागल्या. मुलाखतीला जाणाऱ्या गरजूंना कोट आणि टाय उसने मिळायचे. त्यातला चांगला कोट एकजण घेऊन गेला तो स्वतःच्या साखरपुड्यात घालून मिरवला. पण फोटो आला, आणि वरच्यांना फोटोच हवे असायचे.

आणि पेपरकाका होते. पेपरकाका एक पेपर वाचायचे, दुसरा मांडीखाली दाबायचे आणि तिसऱ्यावर कोपर ठेवायचे. पहिल्याच दिवशी भोंगाबाईनं त्यांना विचारलं, "झाला का हो तो खालचा वाचून?" तिच्या मते हळूच विचारलं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी कानातले बोळे काढून वर बघितलं. पेपरकाकांनी लेखी तक्रार केली. पुढच्या आठवड्यात भोंगाबाई शिंकली, त्या शिंकेचीही केली. ग्रंथपालबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर कार्ड बंद करावं लागेल. भोंगाबाईला त्यातलं 'कार्ड' तेवढं ऐकू आलं, पण चेहरा बघून बाकीचं कळलं.

आता मुख्य गोष्ट. लोकाभिमुखतेत एक गप्पांचं टेबलही होतं. कामाधंद्यासाठी लांबून शहरात आलेल्या आणि इथली भाषा न येणाऱ्या माणसांनी तिथं यायचं, आणि इथल्या कुणीतरी त्यांच्याशी नुसत्या गप्पा मारायच्या. ऐकून बोलून भाषा येते, अशी कल्पना. आधी ते काम एका निवृत्त प्राध्यापकांकडे होतं. त्यांनी विभक्तीपासून सुरुवात केली. प्रथमेला टेबल भरलेलं होतं, षष्ठीपर्यंत सर आणि त्यांची छत्री एवढेच उरले. मग सरही येईनात. शुक्रवारी फोटो पाठवायचा होता आणि ग्रंथपालबाई हवालदिल होऊन इकडेतिकडे बघत होत्या, तेव्हा त्यांना भोंगाबाई दिसली. ही बाई बोलणार आहेच, मग आपल्याच टेबलावर बोलू दे, असा त्यांनी विचार केला असावा.

टेबलाशी आले चौघं. बेकरीत काम करणारा एक पाववाला, भिंती रंगवणारे दोघे रंगारी भाऊ, आणि हॉस्पिटलात फरशा पुसणारी एक उंचच उंच बाई. तिला भोंगाबाईनं बघताक्षणी 'शिडी' म्हटलं. तिला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, आणि कळल्यावर तिला तो आवडला, कारण तिच्या मते शिडी ही कामाची वस्तू होती.

भोंगाबाईनं सुरुवात केली. "या बसा अशी उभी का गं शिडी तू कुठली तू कुठला राहता कुठं जेवण कोण करतं घरी कोण कोण असतं लग्नं झालीत का." चौघांचे चेहरे दगड. ती पुन्हा तेच बोलली, आणखी मोठ्यानं, कारण परक्याला कळलं नाही की आवाज वाढवायचा ही माणसाची जुनीच खोड आहे. शिडीनं केविलवाणं होऊन भिंतीकडे बघितलं. टेबलाच्या वर पाटी होती: कृपया हळू बोला. तिनं फोन काढला आणि 'हळू' शब्द स्वतःच्या भाषेत शोधून बघितला. फोननं सांगितलं, गोगलगाय चालते तसं. सावकाश. शिडीचा चेहरा उजळला. इथल्या लोकांनी आपल्यासारख्यांचा किती विचार केलाय, पाटीसुद्धा लावलीय, असं तिला वाटलं. तिनं पाटीकडे बोट दाखवून पहिलं वाक्य उच्चारलं. "हळू बोला."

इथंच माशी शिंकली. भोंगाबाईला जन्मभराचा डंख बसला. परकी माणसंसुद्धा तेच म्हणतात म्हणजे आपल्यातच खोट आहे, असं तिला त्या क्षणी वाटलं. तिनं आवाज खाली आणला. वेग होता तोच ठेवला, कारण वेगाबद्दल तिला कुणी काही म्हणतंय हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चौघांना पुन्हा काही कळेना. "हळू," पाववाला विनवून म्हणाला. आवाज आणखी खाली. "हळू, हळू," रंगारी भाऊ म्हणाले. शेवटी भोंगाबाई निव्वळ श्वासावर बोलू लागली आणि चौघं टेबलावर डोकी टेकवून तिच्या तोंडाकडे बघू लागले. डोकी इतकी जवळ आल्यावर ओठ दिसायचे, आणि ओठ बघून शब्द लागू लागले. सगळ्यांना वाटलं, जमलं.

तर अशी त्या टेबलाची शाळा चालली. महिन्यामागून महिने. फोटोत पाच डोकी एकमेकांना चिकटलेली दिसायची आणि वरच्यांनी 'आत्मीयता' असा शेरा मारला. एकही तक्रार आली नाही. ग्रंथपालबाई खूश होत्या. भोंगाबाई घरी येऊन सुनेला सांगायची, "आता मी कशी बोलते बघ." पण घरी ती नेहमीसारखीच बोलायची, कारण कुजबुजीचा सगळा साठा ग्रंथालयात संपायचा.

चौघं मात्र बोलायला शिकले, हे मान्य करावं लागेल. शब्द भरपूर आले. फक्त चौघांचीही खात्री झाली की ही भाषा अशीच असते, घशातून आवाज न काढता नुसती हवा सोडून बोलायची. पाववाला दुकानात गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून विचारायचा, "ताजा आहे, किती देऊ?" गिऱ्हाईक आधी दोन्ही बाजूंना बघायचं, आणि काहीजण तर 'दुसरं काही नको, पावच दे' असं बजावून सांगायचे. रंगारी भाऊ एका घरी काम ठरवायला गेले. दारात उभं राहून त्यांनी मालकिणीला दबक्या आवाजात विचारलं, "घरात माणसं कधी नसतात?" तिनं धाडकन दार लावलं आणि पोलिसांना बोलावलं. भाऊ निवांत थांबले होते. त्यांना वाटलं बाई नवऱ्याला विचारायला गेली.

शिडीचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. शहर बसमध्ये कंडक्टरांची भरती निघाली होती. कंडक्टर झालं की डेपोच्या मागं दोन खोल्या राहायला मिळायच्या. शिडी तेव्हा आणखी काही बायकांबरोबर एका खोलीत पाठ टेकायची आणि तिथं मूल आणायची मनाई होती. तिची मुलगी लांब आजीपाशी होती. सुरुवातीला फोन केला की पोर बोलायचं थांबायची नाही. मग थोडं बोलायला लागली. मग फोनवर यायचाच कंटाळा करू लागली, आणि एकदा शिडीला पलीकडून ऐकू आलं की पोरीनं आजीला 'आई' म्हणून हाक मारली. हे तिनं भोंगाबाईला सांगितलं, कुजबुजत, एकेक शब्द जुळवून. भोंगाबाई म्हणाली, "कंडक्टर तर मी तुला झोपेत करीन." कधी नव्हे ती दमानं, महिनाभर खपून, तिनं शहरातले सगळे थांबे शिडीकडून पाठ करून घेतले. पाण्याची टाकी, मोठं हॉस्पिटल, जुना पूल, बंद गिरणी, नवीन शाळा. एकही चूक नाही.

परीक्षा डेपोत झाली. चालू गाडीत उभं राहून थांबे पुकारायचे. शिडी उभी राहिली, इंजिन घरघरत होतं, आणि तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत अचूक थांबे हवेत सोडले. तपासनीस तिच्या ओठांकडे बघत राहिला. "पुकारा की, बाई," तो म्हणाला. ती म्हणाली, पुकारले. तेही त्याला ओठांवरूनच कळलं. "मनातल्या मनात पुकारून गाडी चालत नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या सोमवारी शेवटची संधी देऊन त्यानं तिला उतरवलं.

दुसऱ्या दिवशी शिडी टेबलाशी आली ती डोळे सुजवून. "मावशी," ती कुजबुजली, "ते म्हणाले, आवाज नाही."

"आवाज नाही म्हणजे? मग मोठ्यानं बोलायचं."

"मोठ्यानं? भाषा अशी नाही ना."

"अशी म्हणजे कशी?"

"अशी. कानात."

"अगं, मग रस्त्यावर माणसं बोलतात ती?"

"ती भांडतात," शिडी म्हणाली.

म्हणजे ही बाई इतके महिने या शहरात राहिली ती सगळं शहर सकाळ-संध्याकाळ भांडतंय असं समजून. तरी रोज कामावर गेली. धन्य तिची. पाववाल्यानं मान डोलावली, त्यालाही तसंच वाटत होतं.

"पण तूच म्हणालीस ना मला, हळू बोला? पहिल्याच दिवशी?" भोंगाबाईचा आवाज चढायला लागला होता.

शिडीनं हात उचलला आणि हवेतून सावकाश, अगदी सावकाश पुढं नेला. "हळू. असं. तुम्ही फार पळता, मावशी. आवाज चांगला होता. पहिल्या दिवशी तुमचा आवाज ऐकला, मला वाटलं, इथं मी हरवले तर हाक मारायला एक माणूस आहे. मग तुम्ही आवाज बंद केला. मला वाटलं आजारी पडल्या."

आपला आवाज कुणाला चांगला वाटला, आणि नेमका तोच आपण त्या माणसापासून लपवून ठेवला. त्यापायी आता एका पोरीची आई अडून बसलीय. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, आणि ही करणी दुसऱ्या कुणाच्या माथी मारताही येत नव्हती. तिला चक्क रडू आलं, आणि रडणं तिला हळू जमत नसल्यामुळे ती उठून संडासात गेली. तिथून ते अख्ख्या वाचनालयाला ऐकू आलं.

डोळे पुसून ती थेट ग्रंथपालबाईंकडे गेली. "वरची खोली द्या. आम्हाला ओरडायचंय."

ग्रंथपालबाई काहीतरी बोलल्या. मान आडवी हलली म्हणजे नाही म्हणाल्या. भोंगाबाई तिथून हलली नाही. घरी सून फोनवर, शिडीच्या खोलीत रात्रपाळीच्या बायका झोपलेल्या, रस्त्यावर ओरडावं तर लोक जमणार. ती भिंतीवरचं कार्यक्रमांचं पत्रक वाचत उभी राहिली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "हे अभिवाचन म्हणजे काय?"

"मोठ्यानं वाचून दाखवणं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "दर शनिवारी असतं. म्हणजे कागदावर असतं. वाचायला कवी तयार आहेत, ऐकायला कुणी मिळत नाही."

"मोठ्यानं म्हणजे नियमात बसून मोठ्यानं?"

"हो."

"मग येत्या शनिवारी मी करते."

"काय वाचणार?"

"आहे एक. प्रवासावर आहे," भोंगाबाई म्हणाली.

ग्रंथपालबाई काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं सूचना लिहून लावली: 'थांबे' — एक अभिवाचन. त्या तीन शब्दांवर भाळून शनिवारी दोन कवीसुद्धा आले.

वरच्या खोलीत खुर्च्या दोन रांगांत मांडल्या, मध्ये वाट ठेवली. रंगारी भाऊ, पाववाला आणि कवी उतारू म्हणून बसले. भोंगाबाई मागच्या भिंतीला टेकली. "मला इथं ऐकू आलं पाहिजे," ती म्हणाली. शिडी पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याची टाकी." म्हणाली असावी. पुन्हा म्हणाली. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताणल्या, पण बाहेर हवाच आली. स्वतःच्या भाषेत तिला आवाज होता, इकडच्या शब्दांना तो चिकटेचना. इतके महिने जे घोटून घोटून शिकवलं ते असं तासाभरात कुठून पुसलं जायला. "बघ, असं," म्हणून भोंगाबाईनं एकदाच 'मोठं हॉस्पिटल' असं पुकारलं. खिडकीच्या काचा थरारल्या आणि बँकेचा पहारेकरी बाहेर येऊन रुग्णवाहिका कुठं दिसते का ते बघू लागला. पण शिडीचं काही केल्या होईना. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि मान हलवून म्हणाली, "नाही, मावशी. माझी मुलगी तिकडेच राहणार."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात पेपरकाका उगवले. काखेत दोन पेपर, सुटू नयेत म्हणून. "काय तमाशा लावलाय? हे ग्रंथालय आहे की बाजार?" ते नेमके दोन रांगांच्या मधल्या वाटेत येऊन उभे राहिले आणि त्यांनी शांततेवर भाषण सुरू केलं. शांतता म्हणजे काय, पूर्वी ती कशी असायची, कोणी बिघडवली. शिडीला मागं भोंगाबाईपाशी जायचं होतं, तिला घरी जायचं होतं, तिला रडायचं होतं, आणि हा माणूस वाट अडवून उभा. "काका, जरा," ती कुजबुजली. काका पूर्वीच्या शांततेत रमले होते. "काका," ती पुन्हा म्हणाली. काकांनी हात उंचावला, म्हणजे मला बोलू दे. आणि शिडीचं टाळकं सरकलं.

"ओ काका, वाटेत काय उभे राहता, आत सरका, आत जागा आहे!"

खोली दणाणली. आणि पेपरकाका सरकले. अहो, जन्मभर बसनं प्रवास केलेला माणूस, पाय आपोआप सरकले. तीन पावलं आत जाऊन ते रिकाम्या खुर्चीत बसले आणि खिशात हात घालून पास शोधू लागले. पास निम्मा बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण ग्रंथालयात आहोत.

शिडीनं स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. मग ती पुढं पाहून म्हणाली, "पाण्याची टाकी." खणखणीत. "मोठं हॉस्पिटल. जुना पूल." भोंगाबाई मागच्या भिंतीला टेकून ऐकत होती आणि मध्ये एक शब्द बोलली नाही. त्यातला एक कवी जाताना ग्रंथपालबाईंना म्हणाला की बंद गिरणीनंतर लगेच नवीन शाळा येते ते फार अस्वस्थ करणारं आहे. दुसरा म्हणाला, थोडं लांबलं.

सोमवारी भोंगाबाईला डेपोच्या आत कुणी सोडलं नसतं. ती समोरच्या फुटपाथवर पिशवी घेऊन उभी राहिली. मध्ये रहदारीचा रस्ता, डेपोची भिंत, पलीकडे चालू इंजिनं. आणि त्या सगळ्यावरून 'जुना पूल' असं स्वच्छ ऐकू आलं. तपासनिसानं निकाल नंतर सांगितला. भोंगाबाई त्याआधीच घरी निघाली होती.

पेपरकाकांनी तक्रार केलीच. वरून उत्तर आलं. ग्रंथपालबाईंनी भोंगाबाईला बोलावलं आणि खाली बघत काहीतरी सांगितलं. "काय?" भोंगाबाई म्हणाली. बाईंनी पुन्हा सांगितलं. "अहो, काय?" असं आणखी एकदा झालं, आणि मग त्या मऊ चपलांच्या बाईचा बांध फुटला. "तुमचं कार्ड महिनाभर बंद केलंय," त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की अभ्यासाच्या पोरांनी बोळे काढले, "पण टेबल चालू राहणार आहे, आणि टेबलाला कार्ड लागत नाही, समजलं?" भोंगाबाईला समजलं. सगळ्या वाचनालयाला समजलं. ग्रंथपालबाईंनी दचकून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, पण त्या दिवसापासून लोक योग्य पुस्तकं घरी नेऊ लागले.

टेबल आता वरच्या खोलीत भरतं. पाटी खालीच आहे. तिच्यावर कुणीतरी पेन्सिलीनं 'म्हणजे सावकाश' असं लिहिलंय, रंगारी भावांपैकी कुणी असावं, अक्षराला वळण ब्रशचं आहे. ते अजून कुणी पुसलेलं नाही.

पुढं एका दुपारी भोंगाबाई डोळे तपासायला मोठ्या हॉस्पिटलात निघाली होती. बस आली, आत गर्दी, आणि वरच्या दांडीला डोकं लागेल एवढी उंच कंडक्टर. "मावशीला बसायला द्या," असं शिडी म्हणाली आणि कुणीतरी निमूट उठलं. तिकीट देता देता तिनं सांगितलं की पोर आलीय, दोन खोल्यांत मावत नाही इतकी बोलते, ग्रंथालयात गोष्टींच्या तासाला जाते आणि तिथं गोष्ट सांगणाऱ्यालाच गोष्ट सांगते. पहिल्या रात्री पोर तिच्याशी परक्यासारखी वागली. मग तिसऱ्या सकाळी तिला शोधत दारात येऊन 'आई' म्हणाली. हे सांगताना शिडीचा आवाज सबंध गाडीत होता आणि गाडी ऐकत होती.

हॉस्पिटलचा थांबा आला. भोंगाबाई नेहमीप्रमाणे उठली ती धाडधाड दाराकडे निघाली, पिशवी एका हातात, आणि पहिली पायरी तिनं घेतलीही. मागून शिडी गरजली, "हळू, मावशी!"

साऱ्या बसला ऐकू गेलं. शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं. भोंगाबाईच्या ओठांवर उत्तर आलंच होतं, ओरडत नाहीये मी. ती तर काही बोललीच नव्हती. तिचा पाय पायरीवर थांबला.

नवरा वर कठड्याला रेलून उभा असायचा. जिन्यात दिवा नसायचा, खालच्या पायऱ्या तुटलेल्या होत्या आणि ही धावत सुटलेली असायची. रोज. इतकी वर्षं. आणि ही रोज त्याला खालून तेच एक उत्तर द्यायची, आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभा राहायचा.

मागची माणसं खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, "आजी, उतरताय ना?" भोंगाबाईनं दांडी घट्ट धरली. एक पायरी, मग दुसरी, मग रस्ता.

"उतरले रे," ती म्हणाली, "हळूच उतरले." इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मागच्या माणसालाही ऐकू गेलं नाही. शिडीनं घंटी मारली आणि गाडी पुढं गेली.